लहान जेट बोटीला ट्रिम टॅब बसवावेत का, आणि बसवायचे तर कसे?

प्रश्न (धंतोली, नागपूर)

नमस्कार. माझ्याकडे 19 फुटांची, एका इंजिनाची फायबरग्लासची जेट बोट (पंपाने मागे पाण्याची धार सोडून चालणारी) आहे. रामटेकजवळच्या खिंडसी तलावात आणि परवानगी मिळेल तेव्हा वैनगंगेवरील गोसेखुर्दच्या जलाशयात आम्ही ती कुटुंबासह चालवतो. मागच्या आसनांवर चार मोठी माणसे बसली की बोटीचे नाक बराच वेळ वर राहते, चालकाला समोरचे पाणी नीट दिसत नाही आणि बोट प्लेनिंगवर, म्हणजे पाण्यावर उचलून धावण्याच्या अवस्थेत, यायला फार उशीर लागतो. मी एकटा असलो तर ती चालकाच्या बाजूला, उजवीकडे, कलते. शिवाय धक्क्याजवळ हळू चालवताना ती सरळ न जाता सतत डावी-उजवीकडे भरकटते. ट्रिम टॅब, म्हणजे बोटीच्या मागच्या कडेला लावायच्या झुकत्या पट्ट्या, बसवल्याने या तिन्ही अडचणी दूर होतील का? या पट्ट्या हिंगणा एमआयडीसीत स्टेनलेस स्टीलच्या करून घेण्याचा विचार आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद (बोट दुरुस्ती, कामठी रोड)

आपल्या तीन अडचणींपैकी पहिल्या दोन ट्रिम टॅबने सुटू शकतात, तिसरी सुटणार नाही. टॅब म्हणजे ट्रान्समच्या, अर्थात मागच्या उभ्या भिंतीच्या, खालच्या कडेला बिजागरीने जोडलेली पट्टी. ती खाली झुकवली की तळाखालून वेगाने येणारे पाणी तिच्यावर आदळून खाली वळते, त्या दाबाने बोटीचा मागचा भाग उचलला जातो आणि नाक आपोआप खाली येते. हा दाब साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे चालण्याच्या गतीने जाणाऱ्या बोटीवर टॅबचा परिणाम जवळजवळ शून्य असतो. हळू वेगात जेट बोट भरकटते याचे कारण वेगळे आहे: तिला आउटबोर्डसारखा (मागे बाहेर टांगलेल्या इंजिनासारखा) पाण्यात उतरलेला खालचा भाग नसतो, आणि दिशा देते ती फक्त नोझलमधून, म्हणजे पंपाच्या मागच्या तोंडातून, सुटणारी धार. त्यासाठी नोझलच्या परिसरात बसणारे सुकाणूसारखे पंख मिळतात. त्यांचा विचार स्वतंत्रपणे करावा.

पैसे खर्च करण्यापूर्वी बोट तपासून घ्यावी, असा माझा आग्रह आहे. इम्पेलर (पंपात फिरून पाणी मागे ढकलणारे पात्यांचे चक्र) आणि त्याभोवतीची वेअर रिंग (झीज सोसणारे कडे) यांच्यातील फट झिजून वाढली असेल, तर इंजिन जोरात फिरूनही जोर मिळत नाही आणि बोट प्लेनिंगवर उशिरा येते. इम्पेलरच्या पात्यांना खडे लागून पडलेले खाचे किंवा पाणी आत घेणाऱ्या जाळीत अडकलेली जलपर्णी यांचाही तोच परिणाम होतो. तळात पाणी साचलेले नाही ना आणि जड सामान मागेच ठेवलेले नाही ना, हेही पाहावे. काही जेट बोटींच्या नोझललाच वर-खाली ट्रिम करण्याची सोय असते. आपल्या बोटीत ती असेल तर आधी तीच वापरून पाहावी.

हे सर्व ठीक असूनही नाक वरच राहत असेल, तर टॅब योग्य उपाय ठरतो. बोटीच्या दर फुटामागे प्रत्येक बाजूला एक इंच रुंदीची पट्टी असा ढोबळ हिशेब सांगितला जातो. 19 फुटी बोटीला तो 19 इंचांच्या आसपास जातो. पण मधोमध पंप आणि वर पोहण्याचा प्लॅटफॉर्म असल्याने लहान जेट बोटींच्या ट्रान्समवर एवढी सपाट जागा बहुधा उरत नाही, आणि 12 इंच रुंद व 9 इंच लांब अशा पट्ट्यांवर भागवावे लागते. तळाच्या बाहेरच्या कडेजवळ टॅब बसवावा, कारण मध्यरेषेपासून तो जितका दूर, तितका कल सुधारण्याचा त्याचा जोर अधिक. जेट बोटीच्या बाबतीत आणखी एक कारण आहे, आणि ते सर्वांत महत्त्वाचे आहे. रिव्हर्स घेताना बकेट (नोझलमागचे वळणदार झाकण) खाली येऊन पंपाची धार खाली आणि पुढे वळवते. त्या धारेच्या वाटेत टॅब आला तर रिव्हर्सचा जोर कमी होतो आणि बिजागरीवर उलट दिशेने ताण पडतो. म्हणून बोट ट्रेलरवर असताना बकेट पूर्ण खाली करून धार कुठून जाईल हे पाहावे, मगच खुणा कराव्यात. ट्रेलरच्या आधारपट्ट्या टॅबला लागत नाहीत ना, हेही त्याच वेळी कळेल.

पट्टी हिंगण्यात करून घ्यायला हरकत नाही. गोड्या पाण्यात 304 ग्रेड चालतो, 316 असेल तर अधिक चांगला. ॲक्च्युएटर (टॅब वर-खाली हलवणारा भाग) मात्र सागरी वापराचाच घ्यावा, कारण पाण्याखाली वर्षानुवर्षे न गळणारे सील स्थानिक कार्यशाळेत होणे कठीण आहे.

प्रतिसाद (फायबरग्लास काम, वाडी)

वरील सल्ल्याशी सहमत आहे. मी फक्त छिद्रांविषयी लिहितो, कारण टॅबमुळे बोट बिघडते ती बहुतेक वेळा तिथूनच. पुष्कळ बोटींच्या ट्रान्सममध्ये फायबरच्या दोन थरांमध्ये प्लायवुड असते. पाण्याखालच्या एकाही स्क्रूच्या छिद्रातून ओल आत शिरली तर ते लाकूड आतून कुजत जाते, आणि ही गोष्ट बाहेरून फार उशिरा लक्षात येते. त्यामुळे छिद्र थोडे मोठे पाडून ते इपॉक्सीने भरावे आणि ते घट्ट झाल्यावर मधोमध योग्य मापाचे छिद्र पुन्हा पाडावे, म्हणजे स्क्रू लाकडाला स्पर्शच करत नाही. छिद्र पाडण्यापूर्वी आतल्या बाजूला इंधनाची नळी किंवा वायरिंग नाही, याची हात घालून खात्री करावी. जेलकोटला (फायबरवरच्या बाहेरच्या चकचकीत थराला) तडा जाऊ नये म्हणून खुणेवर टेप लावावी, ड्रिल सुरुवातीला उलट फिरवावे आणि छिद्राचे तोंड किंचित खोलगट करावे.

सीलंट पाण्याखाली चालणारे पॉलीयुरेथेनचे घ्यावे. घरगुती सिलिकॉन वापरू नये. कायमचे चिकटणारे प्रकारही टाळावेत, नाहीतर पुढे टॅब काढताना जेलकोट सोबत निघतो. आपल्याकडच्या हवामानाची एक बाब ध्यानात ठेवावी. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर असताना कालवलेले इपॉक्सी भांड्यातच पटकन घट्ट होते, म्हणून ते थोडे थोडे आणि पहाटे कालवावे. पॉलीयुरेथेन सीलंट मात्र हवेतील ओलाव्यावर वाळते. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात ते वरून सुकल्यासारखे दिसले तरी आतून कच्चे असू शकते, त्यामुळे डब्यावर लिहिलेल्या मुदतीपेक्षा अधिक वेळ देऊनच बोट पाण्यात उतरवावी.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. वेअर रिंग आणि इम्पेलर आधी तपासून घेतो. आणखी एक शंका आहे: गॅस स्प्रिंगवर आपोआप हलणारे टॅब स्वस्त आहेत आणि त्यांना वायरिंगही लागत नाही. विजेवर चालणाऱ्यांऐवजी ते घेतले तर चालेल का?

प्रतिसाद (बोट दुरुस्ती, कामठी रोड)

नाक खाली आणणे एवढाच हेतू असेल तर चालेल. कमी वेगात स्प्रिंग पट्टीला खाली धरते आणि वेग वाढला की पाण्याचा दाब तिला वर ढकलतो, म्हणजे बोट प्लेनिंगवर लवकर येते. पण दोन्ही बाजू स्वतंत्रपणे हलवण्याचे बटण नसल्याने आपण एकटे असताना उजवीकडे येणारा कल हवा तसा सुधारता येत नाही. शिवाय बोट थांबलेली असताना आणि रिव्हर्समध्येही पट्टी खालीच राहते, त्यामुळे बकेटच्या धारेपासूनचे अंतर येथे अधिकच काटेकोरपणे पाहावे लागते. आपली गरज पाहता मी विजेवरचेच सुचवेन.

विजेवरचे बसवताना स्विचची जोडणी समजून घ्यावी. डावीकडचे नाक खाली आणणारे बटण प्रत्यक्षात उजवा टॅब खाली करते, कारण उजवी मागची बाजू उचलली गेली की डावे नाक दबते. हे उलटे वाटून तारा बदलू नयेत. उजवीकडचा कल काढण्यासाठी उजवाच टॅब खाली यावा लागतो. पहिली चाचणी वारा नसताना, मोकळ्या पाण्यात घ्यावी: दोन्ही टॅब खाली ठेवून वेग द्यावा, बोट प्लेनिंगवर येताच ते थोडे थोडे वर घ्यावेत. वेगात टॅब जास्त खाली राहिले तर नाक पाण्यात रुतते, बोट नाकावरच वळू लागते आणि अचानक आडवी होऊ शकते; गोसेखुर्दला वाऱ्यामुळे लाटा मागून येत असतील तर टॅब पूर्ण वरच असावेत. जेट बोटीत थ्रॉटल सोडले की सुकाणूही जवळजवळ निकामी होते आणि टॅब त्यात काहीही मदत करत नाहीत, हे बोट चालवणाऱ्या घरातील प्रत्येकाला आधी सांगून ठेवावे.