मदत हवी आहे: वेताळ, देवचार, राखणदार यांच्या मुळाशी नेमकं काय?

नमस्कार मंडळी, भाचीला कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी कोकणातल्या राखणदाराबद्दल (म्हणजे राखण करणारं दैवत; वेताळ, देवचार हे त्यातलेच) लिहायचंय आणि तिने ते माझ्या गळ्यात मारलंय, म्हणून इथे विचारतोय. आमच्याकडे तळकोकणात आणि पुढे गोव्यातही वेताळाला चामड्याची पायताणं वाहतात, म्हणजे तो रात्री गावाची हद्द फिरतो आणि ती झिजतात अशी समजूत, जुनी झिजलेली दाखवतातही लोक. गाऱ्हाणं घालून नारळ, कुठे कोंबडा. आता माझा घोळ असा की पुराणकथांत वेताळ म्हणजे स्मशानातला, प्रेतात शिरणारा, मग तोच गावाचा रखवालदार कसा काय झाला? गोव्यात आमोण्याला तर त्याचं चांगलं मोठं देऊळ आहे.

एडवर्ड टायलर या इंग्रज मानववंशशास्त्रज्ञाने १८७१ मध्ये मांडलेलं थोडंफार वाचलंय, की स्वप्न आणि मरण यांचा अर्थ लावताना माणसाला आत्मा सुचला आणि तिथून देव-भुतं आली. दुसरं म्हणजे झुडपात सळसळ झाली की वारा समजण्यापेक्षा वाघ समजलेलं बरं, मेंदूची ती सवय. पटतं, पण त्याने भुताची भीती कळते हो, पायताणं कुठे कळतात? मला तरी हे पूर्वजपूजेकडे जास्त झुकणारं वाटतं.

तर मराठीत यावर नीट अभ्यास करून लिहिलेलं काही आहे का? आणि तुमच्या गावात राखणदार कुणाचा मानतात, गावाचा की एखाद्या घराण्याचा, तेही सांगा. 'सगळी अंधश्रद्धा' एवढंच लिहिणार असाल तर राहू द्या प्लीज.