अकरावीतल्या पोराची घरीच ड्रग टेस्ट करायची का?

गोदाकाठ
आमच्या सोसायटीच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चार दिवस एकच विषय चाललाय. दहावीतल्या एका मुलाच्या दप्तरात व्हेप, म्हणजे ती बॅटरीवरची सिगारेट, सापडलं. दिसायला हायलायटर पेनासारखं, त्याच्या आईला दोन महिने ते हायलायटरच वाटत होतं. आता काही बाबा लोकांनी ठरवलंय की लघवीच्या ड्रग टेस्टचे किट ऑनलाइन मिळतात ते सगळ्यांनी मिळून मागवायचे आणि महिन्यातून एकदा, न सांगता, घरोघरी मुलांची टेस्ट करायची. माझा मुलगा अकरावीत आहे, मी नाही म्हटलं तर लगेच ऐकवलं की ताई तुमचा पोरावर फारच विश्वास दिसतोय.

विश्वासाचा प्रश्न नाहीये हो. सोळाव्या वर्षी पोरगं कुठेतरी चुकणार हे मी धरूनच चालते, पण चुकलं की आधी माझ्याकडे यावं एवढंच मला हवंय, आणि ज्या घरात बाप बाथरूमच्या दारात डबी घेऊन उभा असतो तिथे कुठला मुलगा येऊन सांगेल की आई मी काल ओढली? आणि खरं सांगू का, आमचा सकाळी सहाला निघतो, कॉलेज, मग जेईईचा क्लास, रात्री साडेनऊला घरी, आणि आल्या आल्या आम्ही विचारतो काय तर आजच्या टेस्टला किती पडले. आता त्यात अजून एक टेस्ट.

बाप_माणूस
ताई, राग मानू नका पण मी तुमच्या म्हणण्याच्या पूर्णपणे विरोधात आहे. आमच्या घरात पण हेच बोललं जायचं की पोराला मोकळीक द्या, सांगेल तो. माझा धाकटा भाऊ बारावीत एमडी नावाचं ड्रग घ्यायला लागला, आम्हाला कळायला अकरा महिने गेले. दोन-दोन रात्री झोपायचा नाही, आई म्हणायची बिचारा अभ्यास करतोय, बारीक झाला तर म्हणायची टेन्शन आहे बारावीचं. घरातले पैसे गेले, माझं घड्याळ गेलं, तरी आम्ही बाईवर संशय घेतला, त्या बाईची माफी मागायला मी नंतर तिच्या घरी गेलो होतो. ताप आल्यावर थर्मामीटर लावतो तेव्हा पोरावर अविश्वास दाखवतो का आपण? फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्याजवळ कुरकुंभ एमआयडीसीतल्या कारखान्यात शेकडो किलो मेफेड्रोन पकडलं, म्हणजे हाच एमडी. हा माल आता लांबून येत नाही, आपल्याच जिल्ह्यात बनतोय. अशा दिवसांत आई मला येऊन सांग यावर बसून राहणं मला झेपत नाही.

रातकिडा
मी १९ वर्षांचा आहे, इथे बहुतेक सगळे पालकच दिसतायत म्हणून लिहितोय. तुम्हाला वाटतं की कोणीतरी हात धरून म्हणतं घे घे. असं कोणी म्हणत नाही. क्लास सुटला की सगळे टपरीमागे जातात, तिथेच दिवसभराचं हसणं बोलणं असतं, एक फिरत असतं, तुमच्यापर्यंत आलं की दोन सेकंद सगळे गप्प होतात, बस तेवढंच. त्याला नाही म्हणणं अवघड नसतं पण दुसऱ्या दिवशीपासून तुम्हाला हाक मारत नाहीत आणि अकरावीत नवीन कॉलेज, जुने मित्र तुटलेले, मग हे पण गेले तर डबा कोणाबरोबर खायचा हा खरा प्रश्न असतो.

माझ्या आईने एक केलं होतं. मी मिस्ड कॉल दिला की ती पाच मिनिटांनी फोन करून मोठ्याने ओरडायची, आजी आलीये ताबडतोब घरी ये. मित्र म्हणायचे याची आई डेंजर आहे, आणि मी सुटायचो. घरी आल्यावर ती काही विचारायची नाही, हे महत्त्वाचं. आणि बाप_माणूस काका, तुमचा एक मुद्दा मला पटतो पण वेगळ्या कारणाने, माझा एक मित्र सरळ सांगायचा की माझे बाबा घरी टेस्ट करतात, मारतील, आणि त्याला कोणी हसायचं नाही. टेस्ट कधीच झाली नव्हती, बाबांनीच त्याला हे सांगायला शिकवलं होतं.

ओपीडी_वाली
सरकारी हॉस्पिटलात समुपदेशनाचं काम करते. रातकिडा, तू जे लिहिलंस ते अगदी बरोबर आहे. अमेरिकेत २००५ च्या एका प्रयोगात गाडी चालवायच्या व्हिडिओ गेममध्ये १३ ते १६ ची मुलं मित्र बघत असताना खूप जास्त धोका घेत होती, मोठ्या माणसांना मात्र मित्रांनी काही फरक पडला नाही. म्हणजे पोरगं घरी शहाणं असतं ते खोटं नसतं, टपरीमागे ते वेगळं होतं.

आता किटबद्दल. थर्मामीटर सगळे ताप दाखवतो, हे किट तसं नाही. साध्या किटमध्ये एमडीची पट्टी बहुतेक वेळा नसतेच, निकोटिनची वेगळी घ्यावी लागते, आणि व्हाइटनर, थिनर, पंक्चरचं सोल्युशन हुंगलेलं तर त्यात दिसतच नाही. एम्सने केलेला देशव्यापी सर्व्हे २०१९ ला आला, त्यात हुंगायचे पदार्थ हा एकच प्रकार असा निघाला की तो मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त आहे, १० ते १७ वयोगटात १.१७ टक्के आणि मोठ्यांत ०.५८. म्हणजे जे मुलांत जास्त तेच किटला सापडत नाही आणि निगेटिव्ह आलं की आईबाप निवांत. उलट सर्दीच्या काही गोळ्यांनी खोटं पॉझिटिव्ह येतं, त्यावरून मार खाल्लेला मुलगा माझ्यासमोर बसलाय.

बाप_माणूस दादा, तुमच्या भावाची टेस्ट व्हायलाच हवी होती, पण डॉक्टरांकडे, त्याला सांगून, उपचाराचा भाग म्हणून. लोक पोलिसांच्या भीतीने येत नाहीत. अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्यात कलम ६४अ आहे, थोड्या मालाच्या किंवा सेवनाच्या प्रकरणात व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला आला तर त्याला खटल्यातून सूट मिळते. फोनवर बोलायचं तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा, आणि नुसतं टेन्शन, झोप, रडू येणं असं असेल तर टेलिमानस १४४१६, दोन्ही फुकट.

गिरणाकाठ
मी मालेगावकडचा. किट वगैरे फ्लॅटमधल्या लोकांचं झालं. आमच्याकडे कुत्ता गोळी चालते, अल्प्राझोलम, झोपेची गोळी हो, चिठ्ठीशिवाय देऊ नये असं असताना मिळते. पोरं ओढतात, गिळतात, मग आपण पोरांनाच झोडतो. जो देतो त्याचं काय? मुलाला नशेची वस्तू किंवा तंबाखू दिली तर बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७७ प्रमाणे सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. शाळेपासून शंभर यार्डात तंबाखू विकायला बंदी २००३ च्या कायद्याने आहे, गुटखा राज्यात २०१२ पासून बंद, व्हेप २०१९ पासून देशात बंद. तुमच्या सोसायटीतले पन्नास बाप डब्या मागवण्यापेक्षा एकदा त्या टपरीवर आणि पोलीस ठाण्यात सोबत जाऊन उभे राहिले असते तर मी मानलं असतं. एकटा गेलं तर त्रास होतो, मला झालाय, म्हणून सोबत म्हणतो.

गोदाकाठ
गिरणाकाठ, टपरीचं आज रात्रीच ग्रुपवर टाकते, पाच जण जरी तयार झाले तरी जाऊ. रातकिडाच्या आईची मिस्ड कॉलची पद्धत मी उचलली, काल मुलाला सांगितली तर आधी म्हणाला काहीतरीच काय आई, मग झोपायच्या आधी येऊन विचारलं, तू खरंच नंतर काही विचारणार नाहीस? मी हो म्हटलं. मला जड जाणार आहे ते.

बाप_माणूस
ओपीडी_वाली ताई, कलम ६४अ आम्हाला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर सहा महिने वाचले असते. किटचं तुमचं म्हणणं बरोबर असेल, पण मुलगी नववीत गेली की मी डॉक्टरांना विचारून का होईना, टेस्टचा पर्याय उघडा ठेवणार, आणि तिला आधी सांगून ठेवणार. न सांगता नाही करणार, एवढं मात्र इथे वाचून बदललं. ताई, मुलाला नंतर काही विचारणार नाही असं म्हणालात ते मला अजूनही चूक वाटतं. तो दोन रात्री झोपला नाही तर तरी विचारा.