उत्तर: एकटं वाटणाऱ्या सभासदांसाठी आणखी एक मेळावा?

प्रेषक: सचिव, कार्यकारिणी

नमस्कार मंडळी,

"कार्यक्रमाला येतो, पण घरी परतताना जास्तच एकटं वाटतं," असं काही सभासदांनी खासगीत कळवलं आहे. त्यात नवे आहेत, तसे खूप जुनेही आहेत. वर्षात आणखी एक मोठा मेळावा घ्यावा, म्हणजे भेटीगाठी वाढतील, असा कार्यकारिणीचा विचार आहे. हॉल आधी धरावा लागतो, तेव्हा मतं लवकर कळवा.

प्रेषक: नावनोंदणी समितीतली एक सभासद

सचिवदादा,

मेळावा जरूर घ्या, पण या दुखण्यावर ते औषध नव्हे. मी दाराशी नोंदणीला बसते, तिथून सगळं दिसतं. जुनी मंडळी येतात ती थेट आपापल्या घोळक्यात शिरतात. नवा माणूस नावाचा बिल्ला लावतो, सूचनाफलक वरपासून खालपर्यंत वाचून काढतो आणि मग खिशातून फोन काढतो. मध्यंतरात कुणीतरी "काय, कसं काय?" विचारतं आणि उत्तर पुरं व्हायच्या आत पलीकडच्या कुणाला तरी हात करतं.

कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी 2018 मध्ये मैत्री जुळायला किती वेळ लागतो याचा अंदाज मांडला होता. तोंडओळखीचा साधारण मित्र व्हायला सुमारे 50 तास, खरा मित्र व्हायला 90 च्या आसपास आणि जिवलग व्हायला 200 हून जास्त. (आकडे ढोबळ आहेत, कुणी घड्याळ लावून बसू नये!) मेळाव्यातली दहा-दहा मिनिटं जोडून हे तास कधी भरायचे? उलट तीच सात-आठ माणसं दर पंधरवड्याला दोन तास भेटली, तर वर्षात पन्नास तास सहज होतात. माणसं तीच हवीत, हे महत्त्वाचं.

आणखी एक. शिकागो विद्यापीठातले जॉन कॅसिओपो यांनी एकटेपणाचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यांच्या मते एकटेपणा ही तहान-भुकेसारखी शरीराने दिलेली सूचना आहे. पण तो लांबला की माणूस बिचकतो आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर नकारच शोधू लागतो. मेसेजला उत्तर उशिरा आलं की "आपण त्यांना नकोच आहोत" असं त्याचं ठरून जातं. त्यांच्याच गटाने 2011 मध्ये आधीचे बरेच अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा नुसत्या भेटीगाठी वाढवण्यापेक्षा या समजुती सैल करणारे उपाय जास्त लागू पडलेले दिसले. ते काम जाणकारांचं. आपल्या हातात एवढंच की "कधीही या हो" असं मोघम म्हणू नये. नाव घेऊन, वार-वेळ सांगून बोलवावं आणि एकदा आला नाही म्हणून नाव गाळू नये.

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद

ताई, तुमचा हिशोब पटला, पण तो माझ्या कामाचा नाही. मला माणसांची ददात नाही. ही गेल्यापासून फोन तर उलट वाढलेत. पण नळ गळतोय, शेजारच्यांनी दाराला भलताच रंग दिलाय, असलं काही सांगायला घरात कोणी नाही. आणि त्यासाठी मुद्दाम कुणाला फोन लावावा, एवढी ती गोष्ट मोठी नसते.

रॉबर्ट वाइस या समाजशास्त्रज्ञाने 1973 मध्येच हे दोन प्रकार वेगळे मांडले होते. आपला गोतावळा नसणं निराळं आणि जिवाभावाचं एक माणूस नसणं निराळं. एकाची भरपाई दुसऱ्याने होत नाही. तेव्हा मला गटात घालू नका. ज्याच्याशी ठरलेल्या वेळी, काही कारण नसताना बोलता येईल असं एखादं माणूस असेल तर सांगा. आणि कृपा करून कुणी छंद सुचवू नका, छंद भरपूर आहेत.

प्रेषक: एक नवा सभासद

ताई, सूचनाफलक वाचणारा तो बहुधा मीच!

मला "मोकळेपणाने बोला" म्हटलं की तोंडच उघडत नाही. गेल्या कार्यक्रमानंतर कुणीतरी म्हणालं, "जरा या टोकाला धरता का?" टेबलं हलवता हलवता आमच्या बऱ्याच गप्पा झाल्या. समोर पाहायचं नसलं की बोलणं सोपं जातं. तेव्हा गट कराल तर हाताला काम असलेला करा.

प्रेषक: सचिव, कार्यकारिणी

मेळाव्याचं तूर्त बाजूला ठेवू. ताई, पहिला गट तुम्ही जमवा, आठाच्या वर नको. कुणी गळालं तरच नवं घ्या. नव्या सभासदांनो, मंडळाची पुस्तकं खोक्यांत पडून आहेत, त्यांची यादी करायची आहे. दर पंधरवड्याला गुरुवारी साडेसहाला जमेल का? काका, रात्री नऊनंतर मी मोकळा असतो, आज फोन करतो. झोप किंवा भूक बरेच दिवस उडाली असेल, तर मात्र मंडळाच्या भरवशावर न राहता डॉक्टरांना दाखवा.

आणखी कुणाला यायचं असल्यास इथे सगळ्यांसमोर न लिहिता मला एकट्याला कळवलं तरी चालेल.