नानकटाई: ग्रॅमचं माप कपात कसं करायचं?

प्रश्न: पाककृतीत मैदा २५० ग्रॅम, बेसन ५०, पिठीसाखर १२५, तूप १५० आणि खायचा सोडा २ ग्रॅम आहे. वजनकाटा नाही, २४० मिलीचा कप आहे. किती घेऊ?

प्रतिसाद १: मैदा २ कप, बेसन अर्धा कप, पिठीसाखर १ कप भरून. तूप वितळवून मोजा. १ मिली तूप म्हणजे सुमारे ०.९१ ग्रॅम, म्हणून १५० ग्रॅमला १६५ मिली: अर्धा कप आणि १५ मिलीचे ३ मोठे चमचे. थिजलेलं तूप कपात भरताना पोकळ्या राहतात. मोजून झालं की परत थिजू द्या, पातळ तुपाची नानकटाई पसरते. सोडा अर्ध्या छोट्या चमच्याला जरा कमी.

प्रतिसाद २: मैदा डब्यात कप बुडवून काढू नका! दाबून भरलेल्या कपात १५० ग्रॅमपर्यंत मावतो, सैल भरलेल्यात १२०-१२५. दोन कपांत ५० ग्रॅम जास्त गेला की गोळा वळत नाही, भेगा पडतात. चमच्याने भरा, सुरीच्या पाठीने सपाट करा. चाळायचं ते मोजल्यावर.

प्रतिसाद ३: कप खरंच २४०चा आहे ना? काही संच २५०चे असतात. अर्ध्या लिटरच्या पिशवीतलं दूध ओतून बघा. दोन कप भरून चार छोटे चमचे उरलं तर २४०. आणि मैद्याचं अर्ध्या किलोचं नवं पाकीट असेल तर कप कशाला? दोन सारखे भाग करा, झाले २५०.

प्रश्नकर्ती: पाकीट आहेच की! धन्यवाद.