‘थ्री कॉम्रेड्स’ (१९३८) : मैत्री खरी, पण तिच्याभोवतीचा जर्मनी कुठे गेला?

जुनी_रिळे (धागाकर्ता) :

एरिक मारिया रेमार्क यांच्या कादंबरीवर एमजीएम या हॉलिवूडच्या चित्रपट कंपनीने १९३८ साली काढलेला आणि फ्रँक बोर्झेगी यांनी दिग्दर्शित केलेला ‘थ्री कॉम्रेड्स’ डोळ्यांत पाणी आणतो, याबद्दल वाद नाही. पहिल्या महायुद्धातून जिवंत परतलेले एरिक, ओटो आणि गॉटफ्रीड हे तीन जर्मन मित्र मोटारदुरुस्तीवर आणि एका टॅक्सीवर पोट भरतात. पूर्वी श्रीमंती पाहिलेल्या पॅटच्या प्रेमात एरिक पडतो, तिला क्षय असतो आणि उरलेले दोघे त्यांचा संसार आपलाच असल्यासारखा सांभाळतात.

माझा आक्षेप या कथेच्या काळाशी जे केले गेले त्याला आहे. कादंबरी १९२० च्या दशकाच्या अखेरीस घडते. गॉटफ्रीडला गोळी घालणारे कोण असावेत, हे तिथे तो काळच सांगतो. चित्रपटाने कथा उचलून १९२०-२१ मध्ये नेऊन ठेवली आणि मारेकऱ्यांना ना झेंडा ठेवला, ना पक्ष. लॉस एंजेलिसमधील जर्मन वाणिज्यदूत गेऑर्ग गिसलिंग यांचा दबाव आणि हॉलिवूडची आचारसंहिता राबवणाऱ्या जोसेफ ब्रीन यांच्या सूचना यांतून हे घडले. ज्या लेखकाची पुस्तके नाझींनी १९३३ च्या मे महिन्यात जाळली, त्याच्याच कथेतून नाझींना सुखरूप बाहेर काढून द्यायचे आणि त्याला प्रेमकथा म्हणायचे, हे मला पटत नाही.

गॅरेजकट्टा :

इतिहास आपण अर्धाच सांगितला आहे. गॉटफ्रीडला मारणारे दंगलखोर कम्युनिस्ट असल्याचे दाखवावे, अशीही सूचना ब्रीन यांनी केली होती आणि निर्माते जोसेफ मॅंकिविट्झ यांनी ती साफ धुडकावून लावली. १९३८ साली एमजीएमचा धंदा जर्मनीत चालू होता आणि तो पुढे १९४० पर्यंत चालू राहिला. अशा कंपनीच्या पगारावर असलेल्या माणसाने तेवढे तरी केले, याची नोंद व्हायला हवी. मारेकरी बेनाव राहिले, पण निदान खोटे नाव त्यांना चिकटवले गेले नाही.

मुख्य मुद्दा मात्र वेगळा आहे. हा चित्रपट राजकारणावर नाही, या गृहीतकालाच माझा विरोध आहे. सुरुवातीचा प्रसंग आठवून पाहा. युद्ध संपल्याची बातमी आली आहे, विमानदलाचे अधिकारी पेले उंचावत आहेत आणि ओटो एकटाच बाहेर जाऊन आपल्या लाडक्या ‘बेबी’ नावाच्या विमानात हातबॉम्ब टाकतो. ज्या यंत्राने आपल्याला जिवंत ठेवले, त्याचा पुढे कोणीही वापर करू नये, हा त्यामागचा हेतू आहे. नंतर तेच नाव तो मोटारीला देतो आणि अखेरीस पॅटच्या उपचारांच्या खर्चासाठी ती मोटारही विकली जाते. युद्धातून परतलेल्या माणसाजवळ काय उरते आणि तो ते कोणासाठी सोडतो, हे याहून स्पष्टपणे सांगायला कोणत्या पक्षाचा झेंडा लागतो?

पानगळ_पुणे :

मोटारीचा उल्लेख झालाच आहे, तर त्याच मोटारीमुळे चित्रपट घसरतो, असे मला वाटते. शस्त्रक्रियेनंतर पॅटने जराही हालचाल करायची नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद असते. ‘बेबी’ विकल्याचे तिला समजते. आपण जगलो तर हे दोघे आपल्यापायी पुरते कफल्लक होतील, हे ओळखून ती अंथरुणातून उठते, चालत सज्ज्यापर्यंत जाते आणि कोसळते.

कादंबरीत असे काही नाही. तिथे पॅट पहाटेच्या सुमारास, श्वासासाठी तडफडत मरते आणि नंतर तिचा प्रियकर तिचा चेहरा पुसून तिचे केस विंचरतो. रेमार्क यांच्या लेखी क्षय हा केवळ क्षय आहे आणि त्यात कोणताही अर्थ नाही. स्ट्रेप्टोमायसिन या क्षयावरच्या औषधाचा शोध १९४३ साली लागला. त्याआधीच्या काळात पैसा, मैत्री आणि प्रेम तिन्ही असूनही माणूस हातचा जात असे, हीच त्या पुस्तकाची भयंकर बाजू आहे. चित्रपट या निरर्थक मरणाला त्यागाचे रूप देतो आणि प्रेक्षकाची सोय पाहतो. शिवाय, आजारी बाईने इतरांच्या सोयीसाठी बाजूला व्हावे, हा विचार आपल्याकडच्या कौटुंबिक चित्रपटांनीही इतका गिरवला आहे की मला त्यात उदात्त असे काही दिसत नाही.

गॅरेजकट्टा :

पॅटच्या मरणाबाबतचा आपला आक्षेप गंभीर आहे, परंतु तो पॅट साकारणाऱ्या मार्गारेट सलाव्हनचा अभिनय वगळून केलेला आहे. न्यूयॉर्कच्या समीक्षकांनी त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार तिला दिला आणि ऑस्करसाठी तिचे नामांकनही झाले, ते उगाच नव्हे. ती पॅटला कुठेही बिचारी होऊ देत नाही. तो घोगरा आवाज आणि आजाराचा विषय निघताच त्याला बगल देण्याची पद्धत यांमुळे ही मुलगी स्वतःचे निर्णय स्वतः घेणारी आहे, हे आपल्याला पहिल्या भेटीपासून कळलेले असते. एरिकला लग्नाबद्दल पहिल्यांदा नाही म्हणणारी हीच, आणि शेवटचा निर्णयही तिचाच. तिला कोणी बाजूला सारलेले नाही.

तळटीप :

पटकथेचा मुद्दा अजून कोणी काढलेला नाही, म्हणून लिहितो. अमेरिकन कादंबरीकार एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड यांचे नाव पडद्यावर पटकथालेखक म्हणून झळकले तो हा एकमेव चित्रपट, आणि तेही एडवर्ड पॅरामोर यांच्या जोडीने. मॅंकिविट्झ यांनी त्यांचे संवाद बदलले, तेव्हा फिट्झजेराल्ड यांनी त्यांना कळवळून पत्र लिहिले. त्या पत्रामुळे थोर लेखक आणि अडाणी निर्माता अशी कथा रूढ झाली आहे. मला ती अपुरी वाटते. एरिक पॅटला दूरध्वनी करतो, त्या वेळी तो जोडून द्यायला स्वर्गातली परी स्विचबोर्डवर बसली आहे, असा प्रसंग फिट्झजेराल्ड यांनी लिहिला होता. तो कापला गेला, हे चित्रपटाचे भाग्यच म्हणायचे. कागदावरचे गोड वाक्य नटाच्या तोंडी जड होते, हे मॅंकिविट्झ यांना कळत होते.

धागाकर्त्यांच्या आक्षेपाबद्दल एवढेच की, बोर्झेगी यांना नाझी दिसत नव्हते असे नाही. त्याच कंपनीसाठी, त्याच सलाव्हनला घेऊन त्यांनी १९४० साली ‘द मॉर्टल स्टॉर्म’ काढला आणि त्यात हिटलरच्या सत्तेने एका प्राध्यापकाचे घर कसे उद्ध्वस्त होते, हे उघडपणे दाखवले. ‘थ्री कॉम्रेड्स’ त्या वाटेवरचा आधीचा टप्पा आहे.

जुनी_रिळे :

‘द मॉर्टल स्टॉर्म’चे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. तिथेही ‘ज्यू’ हा शब्द उच्चारला जात नाही आणि सगळे ‘अनार्य’ या पांघरुणाखाली भागवले जाते. म्हणजे उघडपणालाही मर्यादा होतीच.

विमान आणि मोटार यांबद्दल ‘गॅरेजकट्टा’ यांनी जे लिहिले, ते मला मान्य आहे, किंबहुना चित्रपटातला तोच भाग मला सर्वांत प्रिय आहे. मी अडतो तो शेवटाशी. कबरस्तानातून एरिक आणि ओटो बाहेर पडतात, मेलेले दोघे धूसर आकृती होऊन त्यांच्या बरोबरीने चालू लागतात, दक्षिण अमेरिकेला जाण्याच्या गोष्टी निघालेल्या असतात आणि शहरात लढाई चालू असल्याचा उल्लेख तेवढा येतो. ती कोणाची कोणाशी लढाई, हे त्या चौघांना ठाऊक असणारच, कारण त्यांतला एक तिच्यातच मेला. न सांगितले गेलेले प्रेक्षकालाच. १९३८ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या चित्रपटगृहात बसलेल्या ज्या माणसाने वर्तमानपत्र वाचलेले होते, त्याने ती रिकामी जागा स्वतः भरली असेल, हे मी समजू शकतो. ज्याने वाचलेले नव्हते, त्याच्या हाती मात्र केवळ एक देखणी, दुःखी प्रेमकथा पडली, आणि त्याची जबाबदारी मी बोर्झेगींवर नाही, तरी एमजीएमवर नक्कीच टाकतो.

पानगळ_पुणे :

एमजीएमवर टाका, पण पॅटचा सज्जा तिथल्या वाणिज्यदूताने सुचवलेला नव्हता. तो हॉलिवूडचा स्वतःचाच आहे.