शब्दचर्चा: विरुद्ध गोष्टी एकच असणं, याला मराठीत काय म्हणाल?

प्रश्न: एका लेखाचं मराठी करतोय. त्यात निकोलस ऑफ क्यूसा नावाचा जर्मन कार्डिनल येतो, त्याचं मुख्य पुस्तक १४४० चं. म्हणणं असं की आपल्याला जे एकमेकांच्या विरुद्ध दिसतं ते देवाच्या ठायी एकच असतं. उदाहरण भूमितीतलं देतो, वर्तुळ मोठं मोठं करत गेलं की त्याची कड सरळ होत जाते आणि अनंतच केलं तर वर्तुळ आणि सरळ रेषा यात फरक उरत नाही. लॅटिनमध्ये याला कोइन्सिडेन्शिया ऑपोझिटोरम म्हणतात. मी 'विरोधैक्य' लिहिलं तर घरात पहिली कमेंट आली, विरोधकांची आघाडी झाली का पुन्हा? दुसरं काही सुचवा.

प्रतिसाद: 'सामरस्य' घ्या की. नाथपंथात आहे, लिंगायतांकडे 'लिंगांग सामरस्य' आहे, भजनात माणूस समरस होतो म्हणतो आपण. फक्त 'समरसता' लिहू नका, ते वाचलं की डोळ्यापुढे व्यासपीठ, हार आणि मुख्य अतिथी येतात. वज्रयानातला, म्हणजे तांत्रिक बौद्धांचा, 'युगनद्ध' (मिठीत एक झालेली जोडी) पण आहे पण तो तिथलाच राहू दे. त्यात पुरुष म्हणजे उपाय, करणारी बाजू, आणि स्त्री म्हणजे प्रज्ञा, शांत जाणीव, आपल्याकडे शक्ती ही हालचाल करणारी आणि शिव निवांत, म्हणजे जवळजवळ उलटंच. तो शब्द क्यूसाला चिकटवला तर भलतंच काहीतरी होईल.

प्रतिसाद: सामरस्याची अडचण अशी की त्यात दोन रस आधी वेगळे होते आणि मग मिसळले असं वाटतं. मिलन, संगम, ऐक्य, सगळ्यांचं तेच, काहीतरी घडून गेल्यासारखं. क्यूसाचं वर्तुळ आणि रेषा कधी येऊन भेटत नाहीत, तिथे ती मुळात दोन नाहीतच. अमृतानुभवाचं पहिलं प्रकरण काढा, शिवशक्तीबद्दल ज्ञानेश्वर 'दो ओठीं एक गोष्टी, दो डोळां एकी दृष्टी' म्हणतात, यात कुठे मिसळणं आहे? म्हणून माझं मत सरळ 'अभेद'.

प्रतिसाद: अभेद म्हटलं की विरोधच पुसून टाकला ना राव. घारापुरीचं अर्धनारीश्वराचं शिल्प बघा, मोठ्या सदाशिवाच्या शेजारीच आहे. उजव्या अंगाला नंदीवर टेकवलेला हात, मागच्या हातात नाग, डाव्या अंगाला स्तन आणि हातात आरसा. करणाऱ्याने फरक पुसलेला नाही, उलट मुद्दाम ठसठशीत कोरलाय, आणि तरी कमरेला जो बाक दिलाय तो एकाच शरीराचा आहे, मधे कुठे शिवण दिसत नाही. हे 'अभेद' मधे बसत नाही. 'भेदाभेद' म्हणावं तर ते वेदान्तातल्या एका मताचं नाव होऊन बसलंय.

मला 'द्वंद्व' हाच शब्द हवा होता खरंतर. मूळ अर्थ जोडी, पण आपण त्याची कुस्ती करून टाकली, द्वंद्व म्हटलं की तलवारीच निघतात. व्याकरणात मात्र द्वंद्व समास अजून जोडीचाच आहे. त्यातही गंमत बघा, आईवडील इतरेतर, विग्रह 'आणि' ने. पापपुण्य, खरेखोटे, बरेवाईट हे वैकल्पिक, विग्रह 'किंवा' ने. म्हणजे विरुद्ध शब्द शेजारी आले की शाळेतलं पुस्तक आपल्याला एक निवडायला लावतं! क्यूसाचं भांडण नेमकं या 'किंवा' शी आहे. संस्कृतात आणखी बारकावा, हरी आणि हर दोघे असले तर द्विवचन हरिहरौ, आणि बदामीच्या पहिल्या लेण्यातला अर्धा विष्णू अर्धा शिव असेल तर एकवचनी हरिहर. आपल्याकडे द्विवचन नाही, त्यामुळे 'हरिहर' म्हणजे दोघं की एक हे वाक्यावरून ओळखायचं.

प्रतिसाद: हरिहर निघालेच आहेत तर तुकोबांना बोलवा. 'हरिहरां भेद, नाहीं करूं नये वाद' हा अभंग. पुढे 'भेदकासी नाड, एक वेलांटीच आड'. नाड म्हणजे अडचण, इजा, नुकसान. शेतकरी नाडला गेला म्हणतो ना आपण, तोच. भेद करणारा कशाला अडखळतो तर एका वेलांटीला. 'हर' लिहा, वेलांटी द्या, 'हरि' झाला. आणि 'आड' शब्द किती अचूक आहे बघा, पहिली वेलांटी कागदावर र च्या आधी येते, म्हणजे ह आणि र च्या बरोब्बर मधे उभी! शेवटी 'उजवें वामांग, तुका म्हणे एकचि अंग', म्हणजे वर त्या प्रतिसादात मूर्ती सांगितलीय तीच. तुकोबा वेलांटी नाहीच असं म्हणत नाहीत, आहे म्हणतात, पण तेवढीच. अभेदवाले आणि भेदवाले दोघांनाही यात जागा आहे.

हे नुसतं पोथीतलं पण नाही. वैकुंठ चतुर्दशीला विष्णूला बेल आणि शंकराला तुळस वाहतात, एरवी नेमकं उलटं असतं. उज्जैनला त्या रात्री महाकालाची पालखी गोपाळ मंदिरात जाते, त्याला हरिहर भेटच म्हणतात.

प्रश्नकर्ता: भारी आहे हे. शीर्षकात 'द्वंद्वाचं एकपण' टाकतो आणि आत एकदा समजावतो, 'विरोधैक्य' काढलं. पण एक शंका, आपण 'हरी' दुसरी वेलांटी देऊन लिहितो, मग तुमची ती मधली वेलांटी र च्या पलीकडे गेली की!

प्रतिसाद: मराठीत सुटा शब्द असला की शेवटची वेलांटी दुसरी, म्हणून 'हरी'. तोच समासात पुढे आला की मूळचा ऱ्हस्व, म्हणून हरिहर, हरिपाठ, हरिकृपा. अभंगात 'हरिहरां' असाच समास आहे, त्यामुळे वेलांटी मधेच. आणि मोडीत लिहिणाऱ्याला हा प्रश्नच नव्हता, तिथे ऱ्हस्व दीर्घ मिळून वेलांटी एकच.

प्रतिसाद: 'एकपण' पेक्षा 'एकत्व' बरं वाटतं का?

प्रश्नकर्ता: नको, ज्ञानेश्वरांकडे 'दोनीपण' आहे, त्याच्या जोडीला एकपणच शोभतं.