मिनी ट्रॅक्टरसाठी घरीच डवरा (ओळींमधलं तण काढायचं कोळपं) बनवायचाय, मापं कशी धरू?

कास्तकार_वाशिम
राम राम मंडळी. माझ्याकडं 18 एचपीचा मिनी ट्रॅक्टर आहे. सोयाबीन जास्त, थोडी कपाशी. बैलजोडी आता राहिली नाही अन् भाड्यानं डवरा मिळणं लई कठीण झालंय, पाऊस उघडला की सगळ्या गावाला त्याच दिवशी पाहिजे असतो. रेडिमेड डवरे पाहिले पण ते मोठ्या ट्रॅक्टरच्या मापाचे अन् जड, उचलला की माझ्या ट्रॅक्टरचं पुढचं हलकं पडते. म्हणून गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून करून घ्यायचा विचार आहे. भंगारातून ट्रकचे कमानपाटे (स्प्रिंगचे पाटे) आणलेत, त्याच्याच पासा (मातीत चालणारी पाती) करतो म्हणतो. दोन गोष्टी सांगा, पासा किती अन् केवढ्या ठेवू, आणि पासा डायरेक्ट वेल्ड मारून बसवल्या तर चालते का?

लातूरचा_शेतकरी
भाऊ, लोखंड घ्यायच्या आधी टेप घेऊन मागच्या चाकांचं अंतर मोजा, टायरच्या मध्यापासून टायरच्या मध्यापर्यंत. सोयाबीनची ओळ 18 इंचावर असेल तर हे अंतर 36 इंच पाहिजे म्हणजे पोटाखाली दोन ओळी येतात आणि दोन्ही चाकं बरोबर मोकळ्या जागेच्या मधून चालतात. टायर 8 इंची धरला तरी दोन्ही बाजूला 5-5 इंच सुटतात. अंतर कमी भरत असेल तर रिमच्या डिस्क उलटसुलट करून बऱ्याच ट्रॅक्टरचं वाढवता येतं, पुढची चाकं पण त्याच लायनीत आणा.

आता पासा. मधे एक आणि दोन्ही चाकांच्या बरोबर मागं एकेक, या तीन पासा 10 इंची, म्हणजे पिकापासून 4-4 इंच लांब राहतात आणि चाकानं दाबलेली माती पण लगेच मोकळी होते. बाहेरच्या बाजूला दोन अर्ध्या पासा 5 इंचाच्या, कारण त्या जागेत तुम्ही परतीच्या तासाला पुन्हा येणारच. हे चार ओळींचं गणित आहे, पेरणी पण चारच दात्यांनी झालेली पाहिजे.

आणि चेक चेन (अवजार डावी-उजवीकडं हलू नये म्हणून लावलेल्या साखळ्या) घट्ट आवळा!! रोटाव्हेटरला थोडी ढिली चालते, कोळपणीला नाही, कोळपं दोन इंच जरी हललं तरी ओळ गेली.

भट्टी_आणि_वेल्डिंग
दादा कमानपाट्याला वेल्ड मारू नका. ते स्प्रिंगचं पोलाद आहे, त्यात कार्बन जास्त, वेल्डिंगच्या शेजारची पट्टी काचेसारखी कडक होते आणि पहिल्याच दगडाला तिथूनच तुटते. माझ्याकडं हंगामात अशी तुटलेली पाती घेऊन लोक येतात आणि नेमकी कामाची घाई असताना येतात. दांडी साध्या लोखंडाची करा, तिला खाली साध्याच लोखंडाची चपटी बूट वेल्ड करा आणि पातं बूटाला दोन काउंटरसंक (डोकं पात्यात बुडून बसणाऱ्या) बोल्टनं बसवा. झिजलं की बदलता येतं. पाट्याच्या मधे सेंटर बोल्टचं एक भोक आधीच असतं ते वापरा, दुसरं पाडायचं असेल तर साधं ड्रिल जळून जाईल, त्यासाठी आधी पातं लालभडक करून रात्रभर चुलीच्या राखेत गाडून ठेवा, सकाळी मऊ झालेलं असतं मग भोक पाडा. नंतर लोहाराकडून फक्त धारेला पाणी द्या (तापवून थंड करून कडक करा), सगळ्या पात्याला नको.

आडव्या बारला 50 बाय 50 चा 5 मिमी जाडीचा चौकोनी पाईप साडेसहा फूट पुरतो. दांड्या त्यावर यू बोल्टनं, सरकत्या. वेल्ड करून कायमच्या बसवल्या तर कपाशीला तोच डवरा वापरता येणार नाही. बारची उंची जमिनीपासून 18 इंच तरी ठेवा. ट्रॅक्टरच्या मागं अवजार जोडायच्या खालच्या लिंकची पिन 22 मिमी आणि टॉप लिंकची 19 मिमी येते, दोन लिंकमधलं अंतर मात्र मिनीत वेगवेगळं असतं, ते ट्रॅक्टरवरच मोजा. सगळं मिळून 80-100 किलोत बसवा आणि ट्रॅक्टरच्या जितकं जवळ घेता येईल तितकं घ्या, मग पुढचं उचलणार नाही. आणि एक, अवजार ट्रॅक्टरला जोडलेलं असताना त्यावर वेल्डिंग करायचं नाही, करंट बेअरिंगमधून फिरतो.

कास्तकार_वाशिम
लई उपकार भाऊ. चाकाचं अंतर मोजलं, डिस्क उलटवून 36 बसते. पण यंदा पेरणी मोठ्या ट्रॅक्टरनं 9 दात्यांच्या यंत्रानं झाली, जोडाच्या तासात (दोन फेऱ्यांच्या मधल्या जागेत) कुठं 16 कुठं 20 इंच भरते. मंग चार ओळींचं गणित कसं लावू?

लातूरचा_शेतकरी
यंदा बाहेरच्या अर्ध्या पासा काढून ठेवा आणि तीनच चालवा. 9 दात्यांच्या पट्ट्यात जोड धरून 9 जागा होतात, तीन-तीनच्या तीन फेऱ्यात पूर्ण होतं. पहिली फेरी अशी धरा की जोडाची जागा ट्रॅक्टरच्या बरोबर मधे येईल. तिथं 18 च्या ऐवजी 20 इंच असलं तरी तो फरक दोन्ही बाजूला एकेक इंच वाटला जातो, चाक ओळीवर जात नाही. जोड चाकाखाली घेतला की मग गडबड होते. पुढच्या वर्षी चार दात्यांचं पेरणी यंत्र याच ट्रॅक्टरला लावा, मग पाचही पासा वापरता येतील.

पहिली कोळपणी 15-20 दिवसांची, दुसरी 30-35 च्या आत उरका, फुलं लागल्यावर आत घालू नका, मुळं तुटतात. कपाशीला मात्र हा ट्रॅक्टर गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंतच, पुढं एक्सलखाली फांद्या मोडतात.